जरा सरकून घ्या

मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकड्यावर जो चौथा माणूस बसतो, त्याच्या जागेला ‘चौथी सीट’ म्हणतात. ती रेल्वेने बांधलेली नाही. प्रवाशांनी बांधली आहे, तीही नुसत्या शब्दांनी. चौथ्या सीटवर अर्धा माणूस बसतो आणि अर्धा वाटेत लोंबकळतो. ठाणं गेलं की बसलेल्या अर्ध्याला मुंग्या येतात आणि लोंबकळणाऱ्या अर्ध्याला धक्के बसतात. मी कर्जतचा. सकाळी गाडी आमच्याच फलाटावरून सुटते, त्यामुळे जाताना खिडकी. आणि येताना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून शंभर किलोमीटर चौथी सीट, असा माझा वीस वर्षांचा हिशोब आहे. स्टेशनाबाहेर आलो की मिनीडोर, म्हणजे आमच्याकडची मोठी रिक्षा. तिच्यात माणसं किती मावतात, हे भरल्याशिवाय चालकालाही कळत नाही. तो मागे वळून बघत नाही, फक्त म्हणतो, ‘जरा सरकून घ्या.’ सगळे सरकतात. कुठून सरकतात, कुठे सरकतात, देव जाणे. पण मगाशी नसलेली जागा होते आणि तिच्यावर भाजीची टोपली घेतलेली बाई बसते.

अशा माणसावर गेल्या वर्षी गाड्यांची माहितीपत्रकं वाचायची वेळ आली. ‘आसनक्षमता : ७’ असं एकावर छापलं होतं. मी ते बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, ‘सात म्हणजे मोठी माणसं सात. मुलं वेगळी.’

त्याआधी आमच्या घरात पाच माणसं होती आणि दारात पाच माणसांची छोटी गाडी होती. सगळं जिथल्या तिथे होतं. मग जानेवारीत चिरंजीव आले आणि मार्चमध्ये आत्या आली. चिरंजिवांची कल्पना नऊ महिने आधी होती. आत्या मात्र एका सकाळी खोपोलीच्या लोकलमधून दोन ट्रंका आणि एक पाट घेऊन उतरली. ‘चार दिवस राहते,’ म्हणाली. पाचव्या दिवशी तिने रेशनकार्डावरचं नाव इकडे कसं करायचं ते विचारलं, तेव्हा आम्ही सात झालो हे पक्कं झालं. पाट कशाला, तर तिचे गुडघे गेलेत. कुठेही चढायचं म्हणजे आधी पाटावर पाय, मग वर. तिला गाडी लागते, त्यामुळे पुढची खिडकी तिची. आणि ती बाबांची थोरली बहीण, त्यामुळे या दोन्ही गोष्टींवर चर्चा नाही.

मोठी गाडी घ्यायची, असं मी म्हणालो. हे मी घरातल्या घरात म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी चार फाट्यावर मला तीन जणांनी थांबवून कुठली घ्यायची ते सांगितलं.

बाबांची मोठ्या गाडीची कल्पना काळ्यापिवळ्या फियाटपासून सुरू होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली ती गोलसर गाडी, आणि तिच्यातून पालीच्या बल्लाळेश्वराला गेलेली अकरा माणसं. ही अकरा दर वर्षी वाढतात. मी लहान होतो तेव्हा ती नऊ होती. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आठशे आली. आमच्याकडे मात्र तेव्हा स्कूटर होती आणि पुढेही बराच काळ स्कूटरच होती. बाबा चालवायचे, मी पुढे उभा, मागे आई एका बाजूला पाय टाकून, तिच्या मांडीवर बहीण आणि बहिणीच्या मांडीवर पिशवी. आसनक्षमता दोन. त्या स्कूटरने कधी तक्रार केली नाही, फक्त पळसदरीच्या चढाला आई उतरून चालायची.

१९९४ साली टाटांनी सुमो काढली. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, जपानी पैलवानावरून नाव ठेवलंय. ते होतं टाटांकडच्याच सुमंत मूळगावकरांच्या नावातलं ‘सु’ आणि इंग्रजीत लिहिलेल्या आडनावातलं ‘मो’. हे मला कळलं तेव्हा सुमोबद्दलचा आदर वाढला. मुळात तो होताच, कारण माझ्या लग्नात नवरी घेऊन आलेल्या सुमोत तेरा माणसं होती आणि त्यातल्या चौघांना मी आजही ओळखत नाही. सुमो बंद झाली २०१९ मध्ये. त्याच वर्षी ओम्नीही गेली. एका वर्षात आमच्या तालुक्यातली निम्मी वऱ्हाडं पोरकी झाली.

तर निवड. गाडी घेताना माणूस आधी पैसे बघतो, असं शहरातले लोक म्हणतात. आमच्याकडे आधी ‘खाली लागते का’ ते बघतात. बाबांचा हा पहिला आणि शेवटचा प्रश्न. आमचं शेत कशेळ्याच्या पुढे, आणि तिकडचा रस्ता पावसाळ्यानंतर कुठे गेला ते दिवाळीपर्यंत सापडत नाही. मी माहितीपत्रकातून वाचून दाखवलं, जमिनीपासून उंची १८० मिलिमीटर. बाबांनी हाताची बोटं ताणून वीत केली, तिच्याखाली आईची शिवणाची टेप धरली. वीत भरली नऊ इंच. १८० मिलिमीटर म्हणजे सात इंचांच्या किंचित वर. ‘वीतभरही नाही,’ बाबा म्हणाले. मग ते तीच टेप घेऊन आमच्या वाटेवरच्या गतिरोधकाकडे गेले. हा गतिरोधक कोणत्याही खात्याचा नाही. कुणाच्या तरी कोंबडीला कधीतरी धक्का लागला, त्या रात्री तो गावाने घातला. परत येऊन बाबांनी आकडा सांगितला नाही. नुसतं म्हणाले, ‘माणसं उतरवली तर जाईल.’

गाडी वर उचलली गेली की खाली लागत नाही, पण आत्या चढत नाही. बोलेरोचं घोडं इथेच अडलं. तशी ती बाबांना मनापासून आवडते. २०१६ साली या गाडीने मोठी मजा केली होती. सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात ठरवलं होतं की चार मीटरच्या आतली, ठरावीक इंजिनाची गाडी ती लहान गाडी, तिला कर कमी. बोलेरो होती ४१०७ मिलिमीटर. मग तिने श्वास रोखून पोट आत घेतलं, ३९९५ झाली आणि लहान गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. लग्नाच्या फोटोत सगळेच काका हे करतात. पण तिचे दोन दोष निघाले. एक म्हणजे मागच्या दोन सीटा समोरासमोर, म्हणजे तिथे कोणाला बसवायचं ते त्या दिवशी कोणाचं कोणाशी बोलणं चालू आहे ते बघून ठरवायचं. आणि दुसरा, आमच्या भागात बोलेरो दारात थांबली की शेजारचे कवाड लावून घेतात. एकतर वनखातं, नाहीतर वसुली.

आईचा प्रश्न डिकीचा. आईला गाडी माणसांसाठी लागत नाही, तांदळासाठी लागते. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-७ अशी भातं तिथून निघाली आणि लांबलांबच्या शेतात गेली. गाव भाताला आपलं नाव देतं म्हटल्यावर घरटी निदान दोन गोणी इकडून तिकडे जाणारच: एक मुंबईच्या मावशीकडे, एक मुलीच्या सासरी. तर मी वाचलं, अर्टिगा, सगळ्या सीटा उघड्या असताना डिकी २०९ लिटर. ट्रायबर, ८४ लिटर.

‘लिटर?’ आई म्हणाली. ‘दूध घालायचंय का?’

तिला पायलीत उत्तर हवं होतं. मला कुठलंच येत नव्हतं. शेवटी रात्री स्वयंपाकघरात लिटरचं माप, तांदळाचा डबा आणि चिरंजिवांचं वजन करायचा काटा घेऊन बसलो. एक लिटर तांदूळ भरला जेमतेम आठशे ग्रॅम. म्हणजे पन्नास किलोची गोण झाली साठ-बासष्ट लिटरची. म्हणजे ८४ लिटरमध्ये एक गोण आणि वर कोथिंबिरीची जुडी; २०९ मध्ये तीन गोणी, कागदावर. गाडी बनवणारे इतकं सगळं छापतात, चहाच्या कपाला खाच किती आणि चष्म्याला कप्पा कुठे. पण गोणी किती, हे एकाही पत्रकात नाही. या देशात गाडी विकणाऱ्याने डिकीवर लिटर लिहावं आणि गोण लिहू नये, यातच त्याने आमच्या गावात कधी पाय ठेवलेला नाही हे कळतं.

ट्रायबरची एक सोय मात्र मला भारी वाटली. तिच्या तिसऱ्या रांगेच्या सीटा चक्क काढून घरी ठेवता येतात. मग डिकी ६२५ लिटर. दहा गोणी! मी उत्साहात आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘आणि काढलेल्या सीटा?’ मी म्हणालो, ओटीवर ठेवू. तिने ओटीकडे बघितलं. मलाही पुढचं सगळं दिसलं. एका सीटवर बाबा पेपर वाचतायत, दुसरीवर आत्या शेंगा सोलतेय, आणि आठ दिवसांनी ‘गाडीतल्या सीटा आणा’ म्हटल्यावर दोघं उठायला तयार नाहीत.

बायकोचा प्रश्न एकच होता आणि तो आमच्या घरात कुणाला कळलाच नाही. तिला बाळाची खुर्ची बसवायची होती. बाळाची खुर्ची म्हणजे मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळून ठेवायचं एक छोटं सिंहासन. २०१९ च्या सुधारणेनंतर कायदाच आहे की चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची हवी, नाहीतर हजार रुपये दंड. आई म्हणाली, ‘मांडी आहे ना माझी.’ आत्या म्हणाली, ‘आमची मुलं काय पडली गाडीतून?’ बाबा मध्ये पडले आणि म्हणाले, आपली मुलं गाडीतून पडली नाहीत कारण गाडी नव्हती. एक मुलगा स्कूटरवरून पडला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला. मला आजवर ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. काही गोष्टींचा अचानक उलगडा झाला.

पण बायकोने त्यापुढचं पाहिलं होतं. तिसऱ्या रांगेत जायचं तर मधल्या रांगेतली सीट पुढे पाडावी लागते. त्या सीटवर खुर्ची आवळून बसवलेली असेल तर ती पडत नाही. म्हणजे चुकीच्या बाजूला बाळ बसवलं की मागे बसलेला माणूस मुक्कामालाच. चौकच्या नाक्यावर चहाला सगळे उतरणार आणि तो आतून काचेला नाक लावून बघणार. बायकोने हे दोन वाक्यांत सांगितलं, आणि कुठल्या बाजूची सीट पडते ते शोरूमात पहिल्यांदा बघायचं असं ठरवून टाकलं. बाकी आम्ही सगळे तोपर्यंत रंगावर बोलत होतो.

सीएनजीचा आग्रह मेहुण्यांचा. ते खोपोलीला असतात आणि त्यांना जगातला प्रत्येक प्रश्न ‘अॅव्हरेज किती?’ इथे येऊन सुटलेला दिसतो. अॅव्हरेज खरोखरच चांगलं. पण सात माणसांच्या गाडीत तिसऱ्या रांगेमागे उरते ती डिकी, आणि टाकी बसते ती डिकीत. गोणी गेल्या. आईने तिथल्या तिथे मत फिरवलं. मला मात्र दुसरंच चित्र दिसत होतं. सीएनजी भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. पाच माणसांच्या गाडीतून उतरणं म्हणजे उतरणं. सात माणसांच्या गाडीतून उतरणं म्हणजे खालसा झालेलं संस्थान बाहेर पडणं. आधी आत्यासाठी पाट. मग खुर्चीच्या पट्ट्या सोडून झोपलेलं बाळ. मग ते उठल्याचं रडणं. मग सीट पाडून तिसऱ्या रांगेतून बाबा, आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय कुठे राहिला त्याचा शोध. सगळे पंपाच्या कडेला वऱ्हाडासारखे उभे. आणि मग तो पोरगा नळी हातात घेऊन म्हणणार, ‘प्रेशर नाय.’

शिवाय घाट. आमच्या माणसाला घाटाचं वेगळं सांगावं लागत नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हे गाव एकाच गोष्टीसाठी ओळखलं जातं: वर जाणाऱ्या गाडीला इथे मागून जास्तीची इंजिनं लावतात. बँकर म्हणतात त्यांना. सदतिसाला एक असा चढ आहे, साध्या इंजिनाचं काम नाही. मुंबईहून दिमाखात आलेली मेल कर्जतला मुकाट उभी राहते, कुणीतरी मागे येऊन लागतं, आणि मग ती लोणावळ्याकडे सरकते. लोकांची दोन मिनिटं त्यात बटाटावडा खाण्यात जातात, हा भाग वेगळा. लहानपणापासून हे बघितलेल्या माणसाला इंजिनाच्या ताकदीबद्दल भ्रम राहत नाही. सात माणसं, टाकी, एसी आणि खंडाळ्याचा चढ. खोपोलीला बँकर मिळाला असता तर मीही सीएनजी घेतली असती. लोकांची दोन मिनिटं त्यात बटाटावडा खाण्यात जातात, हा भाग वेगळा.

शनिवारी सकाळी चार फाट्यावर उभं राहिलं की आसनक्षमतेवरचा विश्वासच उडतो. मुंबईकडून फार्महाऊसला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. खाटेएवढ्या रुंद, सात-सात सीटांच्या. आत एक माणूस, मागे एक कुत्रा. कुत्र्याला मधली रांग पूर्ण. त्यांच्या बाजूने आमची मिनीडोर जाते, तिच्यात कुत्रं सोडून सगळं असतं. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे कुतूहलाने बघतात. मला वाटतं, त्यांना सीट म्हणजे वस्तू वाटते, मोजता येणारी, विकत घेता येणारी. आमच्याकडे सीट म्हणजे शेजारच्याने घेतलेला श्वास. तो त्याने सोडला की ती नाहीशी होते.

आम्ही गणपतीत गाडी आणणार होतो. २०२५ ला गणपती बसले २७ ऑगस्टला. पण पंधरा ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून म्हणाले, दिवाळीला करात भेट मिळेल, आणि बाबांनी बुकिंग थांबवलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आकडे आले. चार मीटरच्या आतली आणि बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी, आधी अठ्ठावीस टक्के आणि वर उपकर, आता सपाट अठरा. त्यापेक्षा मोठी, चाळीस. अंमल २२ सप्टेंबरपासून. बाबांनी कॅलेंडर काढलं. २१ ला सर्वपित्री अमावास्या, २२ ला घटस्थापना. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान निवडणुकीच्या निकालातही पाहिलं नव्हतं. ‘बघ,’ ते म्हणाले, ‘पितृपक्षात कोण गाडी घेतो? दिल्लीत कुणीतरी पंचांग बघणारा आहे.’

त्या कराने आमच्या अंगणातही वाद लावला. ट्रायबर ३९९० मिलिमीटर; चार मीटरला दहा मिलिमीटर कमी, म्हणजे शिवणाच्या टेपवर जेमतेम बोटाची रुंदी. अर्टिगा ४३९५, इंजिनही मोठं, म्हणून वरच्या खान्यात. दोघींत फरक चारशे पाच मिलिमीटर, हातालाही थोडा कमी. पण हा हातभर तुळशीवृंदावनात जात होता. बाबांनी सुतळीने दोन्ही लांब्या अंगणात आखल्या. पहिली आखणी तुळशीच्या अलीकडे संपत होती, दुसरी तुळशीत. ‘वृंदावन हातभर मागे घेऊ,’ असं म्हणण्याची चूक माझ्याकडून झाली. आई काही बोलली नाही. तिने जाऊन तुळशीला पाणी घातलं, भर पावसात.

शोरूम पनवेलकडची होती. कुठली ते सांगणार नाही आणि शेवटी कुठली गाडी घेतली तेही सांगणार नाही. सांगितलं तर पुढचे सहा महिने जो भेटेल तो, आम्ही दुसरी का नाही घेतली, ते विचारेल. शोरूममधला तरुण गोड होता. तो पहिल्या मिनिटापासून माझ्याशी बोलत होता. ‘सर, पिकअप बघा. सर, स्टेअरिंग एकदम हलकं.’ गाडी बायको चालवते. मला गाडी मागे घेता येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या तीन भिंतींना ठाऊक आहे. टेस्ट ड्राइव्हला तिने चावी घेतली तेव्हा त्याने मागे बसलेल्या माझ्याकडे बघून विचारलं, ‘मॅडम चालवतात का सर?’ तिने पूल ओलांडला, यू-टर्न घेतला, एका रिक्षाला वाट दिली, आणि परत जागेवर गाडी एका झटक्यात लावली. तो म्हणाला, ‘सर, कशी वाटली?’ मी म्हणालो, ‘मला मागून छान वाटली.’

मग त्याने तिसरी रांग दाखवली. स्वतः आत गेला, पाय दुमडून बसला आणि हसत म्हणाला, ‘बघा सर, ऐसपैस.’ त्याची उंची आमच्या मुलीपेक्षा चार बोटं जास्त असेल. मुलगी आठ वर्षांची आहे. बाबा म्हणाले, ‘मी बसून बघतो.’ ते बसले. गुडघे कानाच्या पातळीला आले. तरुणाने घाईने सांगितलं की छताला एसीची जाळी मागेही आहे. एप्रिल-मेमध्ये कर्जतला पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे ही जाळी महत्त्वाची होती. पण बाबांना ती बघायला मान वर करता येईना. दोन मिनिटं शांतता होती. मग आतून आवाज आला, ‘मिनीडोरपेक्षा बरी आहे.’ गाडी तिथे ठरली.

किमतीचा कागद आला तेव्हा त्यात गाडी कमी आणि बाकीचं जास्त होतं. मॅट, सीटकव्हर, दारांना चकचकीत पट्ट्या, आणि ‘हाताळणी’ अशा नावाची एक रक्कम. बाबांनी विचारलं, हाताळलं कोणी? तरुणाला ठाऊक नव्हतं. ती रक्कम गेली. पट्ट्या मात्र राहिल्या, कारण तोवर मुलीने त्यांच्यात आपला चेहरा बघून घेतला होता.

गाडी पाडव्याला आली. नंबर एमएच ४६, पनवेलचा; आमच्या तालुक्याला आता तोच मिळतो. बाबांच्या जुन्या स्कूटरवर अजून ०६ आहे, पेणचा. त्यांच्या मते ०६ हा खरा रायगडचा नंबर आणि ४६ म्हणजे भाडोत्री. गाडी आली की स्कूटर विकायची, असं बायकोशी माझं ठरलं होतं. तीन जण बघूनही गेले. तिघांनाही बाबांनी स्कूटरचे एवढे दोष सांगितले की तिसऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘यांना बरं नाही का?’

पहिली फेरी महडच्या वरदविनायकाला. चाकाखाली लिंबं, बोनेटवर स्वस्तिक, आत पेढे. जागा मी आदल्या रात्री कागदावर काढल्या होत्या. चालवायला बायको. पुढे आत्या, पायाशी पाट. मध्ये पडणाऱ्या बाजूला आई, मध्यभागी मुलगी, न पडणाऱ्या बाजूला खुर्चीत बाळ. मागे बाबा आणि मी. बरोबर सात. एवढं नेमकं गणित मला शाळेतही कधी आलं नव्हतं.

बायकोने चावी फिरवली आणि समोरच्या काकू नऊवारी नेसून, हातात ओटीचं ताट घेऊन फाटकातून बाहेर आल्या. काचेत वाकून त्यांनी आईला विचारलं, ‘निघालात का? नाही, मला आपलं महडला जायचं राहिलंय कितीतरी दिवस. जागा आहे ना?’

आईने मागे वळून पाहिलं नाही. तिला गरज नव्हती. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती.

मी स्कूटर काढली. नव्या गाडीच्या मागून, तिच्या चकचकीत पट्ट्यांत स्वतःला बघत, पळसदरी, खोपोली, हाळ फाटा असा महडला गेलो. मागच्या काचेत काकू आणि बाबा शेजारी शेजारी दिसत होते; काकू अखंड बोलत होत्या, आणि बाबांचे गुडघे कानांशी असल्यामुळे त्यांना अर्धंच ऐकू येत असावं, असं मला वाटून थोडं बरं वाटलं. दर्शन झालं. आत्याने गाडीवरून नारळ उतरवला. तो फुटायला दोन घाव लागले, यावर काकूंनी काहीतरी सांगितलं ते कुणी मनावर घेतलं नाही.

निघताना सगळे आपापल्या जागी बसले. बाबा गाडीजवळ आलेच नाहीत. ते वळसा घालून माझ्याकडे आले. गाडीतल्या काकूंकडे एकदा बघितलं, मग स्कूटरच्या डिकीतलं जुनं हेल्मेट काढून डोक्यात घातलं, आणि मागच्या सीटवर टांग टाकली.

‘पुढे सरकून घे जरा,’ ते म्हणाले.

मी सरकलो. पुढे गाडी निघाली, मागच्या रांगेत एक सीट रिकामी. खोपोलीच्या स्टॅंडवर तिने इंडिकेटर दिला आणि बाजूला थांबली. आईच्या भजनी मंडळातल्या दोन बाया कर्जतच्या एसटीची वाट बघत उभ्या होत्या.